रंगीत समुद्री गोगलगाय ओळखायची कशी? आधी तिचं जेवण शोधा (सोलापूरकरांसाठी सविस्तर)

कुणी फोटो पाठवला की माझा पहिला प्रश्न ठरलेला, ही बसली कशावर होती? समोरच्याला वाटतं हा विषय टाळतोय. त्याला नाव पाहिजे असतं आणि तेही लगेच, पण या प्राण्याच्या बाबतीत नावापर्यंत जायचा सगळ्यात सरळ रस्ता त्याच्या जेवणावरून जातो. रंगावरून शोधायला गेलात तर गूगल तुम्हाला निळ्या-पिवळ्या शंभर गोगलगाई दाखवेल आणि त्यातल्या दहा तुम्हाला तुमच्याच वाटतील.

दिवाळी नाहीतर नाताळची सुट्टी संपली की आपल्याकडं हे फोटो सुरू होतात. कुणी मालवणला स्नॉर्कलिंग करून आलेलं असतं, कुणी अंदमानला, कुणी गणपतीपुळ्याला खडकावर फिरताना काहीतरी रंगीत बघितलेलं असतं, आणि हल्ली सोलापुरात खाऱ्या पाण्याचे टँक ठेवणारे पण आहेत, त्यांच्या टँकमध्ये दगडाबरोबर न बोलावता आलेला एखादा पाहुणा निघतो. समुद्र आपल्यापासून लांब आहे म्हणून बघून परत यायचं, मग शांतपणे ओळखायचं, हीच आपली पद्धत. त्यामुळं तिथं असताना काय काय नोंदवून घ्यायचं हे आधीच माहीत पाहिजे, परत जाऊन बघायची सोय नसते.

हा प्राणी म्हणजे बिनशंखाची समुद्री गोगलगाय. शेतात सोयाबीन खाणारी शंखी गोगलगाय आणि ही, दोघी एकाच मोठ्या वर्गातल्या. समुद्रातल्यांपैकी ज्यांचे रंगीत फोटो फिरतात त्या बहुतेक न्युडीब्रँक गटातल्या असतात, आणि या एकट्या गटात जगभरात ३,००० च्या आसपास जाती आहेत. म्हणजे पाठांतर करून काही होणार नाही, पद्धतच लागते.

गोगलगाय आहे का तेच आधी बघा

निम्मे गोंधळ इथंच मिटतात. सगळ्यात जास्त फसवतो तो चपटा कृमी, इंग्रजीत फ्लॅटवर्म म्हणतात तो. रंग तितकेच भडक, आकार तसाच लांबट, पण अंग एकदम पातळ असतं, दगडाच्या कडेवरून जाताना कडेला चिकटून अगदी तिच्याच आकाराचं होतं, आणि पाठीवर कल्ल्यांचा झुबका नसतो. डोक्याकडं दोन शिंगांसारखं काहीतरी दिसतं खरं, पण ती वेगळी शिंगं नसतात, अंगाचीच कड वर दुमडलेली असते. गोगलगाय जाड असते, तिला खाली पाय म्हणजे मांसल तळवा असतो आणि वर वेगळी पाठ असते, बाजूनं बघितलं की हे दोन थर कळतात. म्हणून नुसता वरून काढलेला फोटो अपुरा पडतो. काही फ्लॅटवर्म तर मुद्दाम विषारी गोगलगाईसारखेच दिसतात, कारण माशांनी एकदा त्या रंगाची धास्ती घेतली की नक्कल करणाऱ्यालाही संरक्षण मिळतं. आणि हात लावू नका, फ्लॅटवर्म इतका नाजूक असतो की हातातच तुटतो.

दुसरा फसवणारा म्हणजे समुद्रकाकडीचं पिल्लू. एका जातीचं पिल्लू हुबेहूब काळ्या-पिवळ्या फोडांच्या गोगलगाईसारखं दिसतं, आणि मोठं झालं की रूपच बदलतं. त्याला शिंगं नसतात, तेवढं बघितलं की झालं.

तिसरा म्हणजे समुद्री ससा, सी हेअर. हा गोगलगायच आहे, पण न्युडीब्रँक नाही. फुगीर, बोजड, बहुतेक वेळा मळकट हिरवा किंवा तपकिरी, पाठीवर दोन मोठ्या पाळ्या दुमडलेल्या, आणि छेडलं की जांभळी शाई सोडतो. तो शेवाळ खातो आणि त्याची अंडी म्हणजे शेवयांचा गुंता. एरिक कँडेल यांनी स्मरणशक्तीवरचं काम याच सशावर केलं आणि त्या कामाला २००० चं नोबेल मिळालं, कारण याच्या मज्जापेशी चांगल्या मोठ्या असतात आणि संख्येनं कमी. कोकणात खडकांवर शेवाळ चांगलं असेल तेव्हा हा दिसायची शक्यता रंगीत न्युडीब्रँकपेक्षा जास्त, त्यामुळं लोक थोडे नाराज होतात, पण मला तो आवडतो.

शिंगं, झुबका आणि पाठीवरची बोटं

आता गोगलगायच आहे हे पक्कं झालं. डोक्यावर दोन शिंगं दिसतील, त्यांना रायनोफोर म्हणतात. त्यांचं काम वास घेणं, पाण्यातला रासायनिक माग काढणं. हिला नजर जवळपास नाहीच, उजेड-अंधार कळतो तेवढंच, म्हणजे स्वतःचे ते भडक रंग तिला स्वतःला दिसतच नाहीत, ते सगळे माशांसाठी.

मग पाठीकडं बघा. मागच्या टोकाजवळ फुलासारखा कल्ल्यांचा झुबका असेल तर ती डोरिड. पाठीवर जागोजागी बोटांसारखे लांबट उंचवटे असतील, बऱ्याच वेळा टोकं वेगळ्या रंगाची, तर ती एओलिड, आणि त्या बोटांना सेराटा म्हणतात. झुबका पण नाही, बोटं पण नाहीत, नुसते फोड नाहीतर आडव्या-उभ्या कडा आहेत, तर ती फायलिडिया घराण्यातली असू शकते, त्यांचे कल्ले पाठीच्या कडेखाली लपलेले असतात. आणि पानासारखी हिरवी, दोन्ही बाजूंनी अंगाच्या पाळ्या वर आलेल्या, शिंगं कागदाच्या गुंडाळीसारखी, तर ती रस शोषणाऱ्या गटातली, एलिसिया वगैरे, तीही न्युडीब्रँक नाही.

एक अडचण सांगून ठेवतो. डोरिडला जरा धक्का लागला की ती झुबका आत ओढून घेते आणि फोटोत पाठीवर नुसतं एक भोक दिसतं, म्हणून जवळ गेल्यावर दोन मिनिटं काहीच करू नका, तिला परत फुलू द्या. याला अपवाद स्पॅनिश डान्सर नावाची मोठी लाल गोगलगाय, ४० सेंटिमीटरपर्यंत वाढणारी, अंगाची कड हलवत पाण्यात पोहणारी. हिचे कल्ले एका खिशात जात नाहीत, प्रत्येकाची जागा वेगळी असते. लक्षद्वीप, अंदमान इथं ती मिळते. तिच्या अंगावर कधीकधी एक छोटी लाल-पांढरी कोळंबी राहते, फोटोत ती दिसली तर कापू नका.

आता खरा मुद्दा: ती खाते काय

बहुतेक न्युडीब्रँक मांसाहारी असतात आणि खाण्याच्या बाबतीत भयंकर हट्टी. एक जात एक-दोन प्रकारचंच खाणार, ते नाही मिळालं तर उपाशी मरणार पण दुसरं तोंडात घेणार नाही. म्हणून तिच्या खालचं आणि आजूबाजूचं बघायचं. ती चालत चालत कुठून कुठं जात असेल तर उपयोग नाही, पण एकाच जागी डोकं खाली घालून बसलेली असेल, किंवा तिथंच तिच्या अंड्यांची फीत गोल गुंडाळून चिकटवलेली असेल, तर समजायचं घर आणि ताट तेच आहे. पुष्कळ जाती अंडी जेवणावरच नाहीतर जेवणाच्या अगदी शेजारी घालतात.

डोरिड म्हटलं की आधी स्पंज शोधा. स्पंज म्हणजे दगडावर पसरलेला नारिंगी, निळा, काळा, पिवळा मऊ थर, त्यावर छोटी छोटी छिद्रं. बरेच लोक त्याला दगडाचाच रंग समजतात आणि फोटोत अर्धवट घेतात. गोगलगाईनं खाल्लेला स्पंज ओळखू येतो, मागं फिकट पट्टा राहतो, वरचा थर खरवडलेला दिसतो. खरवडायला तिच्या तोंडात रेड्युला असते, दातांच्या बारीक ओळी असलेली पट्टी. फायलिडियांना मात्र ही पट्टी नाहीच, त्या पाचक रस स्पंजावर सोडतात आणि विरघळलेलं शोषून घेतात. डेंड्रोडोरिस नावाच्या डोरिडचं पण तसंच.

स्पंज का, तर तो विषारी असतो म्हणून. स्पंजाला पळता येत नाही, तो रसायनांवर जगतो, आणि ही बया तेच विष खाऊन स्वतःच्या अंगात साठवते. शंख सोडून दिल्यावर संरक्षणाला दुसरं काहीतरी लागणारच ना. क्रोमोडोरिस नावाच्या गोगलगाई लॅट्रनक्युलिन ए नावाचं रसायन पाठीच्या कडेला साठवतात, म्हणजे माशानं चावा घेतला तर पहिला घास तोच. स्पॅनिश डान्सर हॅलिकाँड्रिया स्पंजातलं विष घेते आणि ते तिच्या लाल, गुलाबासारख्या अंड्यांतही उतरतं. जोरुना फ्युनेब्रिस, पांढरीवर काळी वलयं असलेली, निळ्या स्पंजावर सापडते आणि तिच्यातल्या जोरुमायसिन नावाच्या रसायनाकडं कॅन्सरवर काम करणाऱ्यांचं लक्ष आहे.

याच ओघात समुद्री सशाची गोष्ट सांगून टाकतो. डोलाबेला नावाच्या सशात डोलास्टॅटिन सापडलं, सगळ्यांना वाटलं सशाचं विष, नंतर कळलं ते मुळात तो खातो त्या सायनोबॅक्टेरियाचं, म्हणजे निळ्या-हिरव्या सूक्ष्म जीवाणूंचं आहे. त्या रसायनावरून बनवलेला एक घटक आज हॉजकिन लिंफोमा या कॅन्सरवरच्या ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन या औषधात आहे, २०११ पासून वापरात.

सगळ्याच डोरिड स्पंजावाल्या नाहीत. नेंब्रोथा नावाच्या काळ्या-हिरव्या, लाल ठिपक्यांच्या गोगलगाई असिडियन खातात, म्हणजे दगडावरच्या छोट्या छोट्या पिशव्यांसारखे दिसणारे प्राणी, त्यांना दोन तोंडं असतात आणि दाबलं की पाण्याची पिचकारी मारतात. टँब्जा ब्रायोझोआ खातात, ते बारीक जाळीदार झुडपासारखं काहीतरी दिसतं. आणि रोबोआस्ट्रा टँब्जांनाच खाते, त्यांच्या चिकट मागावरून माग काढत जाते आणि गिळते. जिम्नोडोरिस पण अशीच भाऊबंदकीवाली, दुसऱ्या गोगलगाई खाणारी. तेव्हा फोटोत एका गोगलगाईला दुसरी चिकटलेली दिसली की लगेच 'लग्न चाललंय' असं लिहू नका. लग्न असेल तर दोघींच्या उजव्या बाजू एकमेकींना लागलेल्या असतात, कारण प्रत्येकीत नर-मादी दोन्ही असतं आणि अवयव उजवीकडं. डोकं आत घुसलेलं असेल तर ते जेवण आहे.

एओलिडचं वेगळंच. त्या हायड्रॉइड, समुद्रफुलं, प्रवाळ असं डंख मारणारं खातात. हायड्रॉइड म्हणजे दोरीवर, जेट्टीच्या खांबावर उगवणारी नाजूक पिसासारखी झुडपं. त्यांच्या डंखपेशींपैकी न फुटलेल्या पेशी गोगलगाईच्या पोटातून सरळ सेराटांच्या टोकात जातात आणि तिथं साठतात, मग त्या पेशी गोगलगाईसाठी काम करतात. हे ज्यांना पटत नाही त्यांनी निळ्या ड्रॅगनला, ग्लॉकसला, हात लावून बघू नये. तो समुद्राच्या पृष्ठभागावर पोटात हवेचा बुडबुडा धरून उलटा तरंगतो आणि फायजेलिया म्हणजे ब्लू बॉटल खातो. पावसाळ्यात मुंबईच्या चौपाट्यांवर जे निळे फुगे वाहून येतात आणि लोकांना डंख मारतात तेच. पॉर्पिटा म्हणजे निळं बटण, तेही त्याचं खाणं. अशी निळी वस्ती किनाऱ्याला लागलेली असेल तर त्यात ग्लॉकस शोधायला हरकत नाही, पण काठीनं पण उलटवू नका, नुसतं बघा आणि फोटो काढा.

प्रवाळ खाणाऱ्यांत फेस्टिला मेलानोब्रॅकिया बघण्यासारखी. ती ट्युबास्ट्रिया नावाचं नारिंगी प्रवाळ खाते आणि स्वतः नारिंगी होते, त्याच प्रवाळाची काळपट-हिरवी जात खाल्ली तर काळपट. म्हणजे रंग जेवणातून येतो. पुस्तकात नारिंगी आहे म्हणून तुमची काळी 'वेगळी जात' होत नाही.

हिरव्या एलिसियांचं जेवण शेवाळ. त्या शेवाळाची पेशी टोचून रस ओढतात आणि त्यातले हरितलवक स्वतःच्या अंगात जिवंत ठेवतात, काही जातींत ते बराच काळ काम करत राहतात. २०२१ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की एलिसिया मार्जिनाटा स्वतःचं डोकं धडापासून तोडून घेते, धड हृदयासकट मागं राहतं, आणि डोक्यातून तीनेक आठवड्यांत नवं धड येतं. टेरेओलिडिया नावाची लांबलचक निळी-जांभळी एओलिड वेगळी युक्ती करते, ती अंगात सूक्ष्म शैवालच पाळते.

वाळूवर काही दिसलं तर? तिथं आर्मिना असू शकते, काळी-पांढरी लांब रेघांची, सी पेन नावाचे वाळूत रुतलेले प्राणी खाणारी, वाळूतच अर्धी गाडलेली असते. अंगावर केसाळ झालरी असलेला मळकट ससा असेल तर तो बर्साटेला, चिखलावरचा शेवाळी थर खातो.

रंग आता, आणि ठरलेल्या क्रमानं

गट कळला, जेवण कळलं, मग रंगाकडं या. लोक अंगाच्या मुख्य रंगापासून सुरू करतात, तो सगळ्यात कमी भरवशाचा. मी कडेपासून आत येतो. पाठीच्या कडेला किती पट्टे आणि बाहेरून आत कोणत्या क्रमानं, मग शिंगांचा रंग आणि टोक वेगळं आहे का, मग कल्ल्यांचा रंग, मग पाठीवर रेघा आहेत का ठिपके, आणि रेघा तुटक का सलग, आणि सगळ्यात शेवटी पार्श्वभूमी.

क्रोमोडोरिसचं उदाहरण घ्या. निळ्या अंगावर काळ्या रेघा, कडेला नारिंगी-पिवळं, असं वर्णन तीन-चार जातींना लागू पडतं. त्यात अ‍ॅनी नावाच्या जातीच्या निळ्यात बारीक काळे कण शिंपडल्यासारखे असतात, एलिझाबेथिनात ते नसतात, आणि मॅग्निफिकाला कडेला पांढरं आणि त्याच्या आत जाड नारिंगी पट्टा. फोन झूम करून निळा भाग बघितल्याशिवाय हे कळत नाही. आपल्या किनाऱ्यावरची एक जात तर मुंबईच्याच नावाची आहे, गोनिओब्रँकस बॉम्बेयानस, १९४६ मध्ये तिचं वर्णन झालं.

एक फोटो सोडवून दाखवतो

भाच्याचा मेसेज आला होता हॅवलॉकवरून, आता स्वराज द्वीप म्हणतात. फोटो, आणि खाली, "मामा हे काय आहे, किती भारी दिसतंय, उचलून घेऊ का?" म्हणलं हात लावू नको, आधी सांग कशावर होतं. तो म्हणाला दगडावर. सगळे हेच म्हणतात. म्हणलं दगड कसला, फोटो मोठा कर, खाली करडा मऊ थर दिसतोय की नाही? दिसत होता, छिद्रांसकट. स्पंज.

काळं अंग, उभ्या निळसर-करड्या कडा, त्या कडांवर फोड आणि फोडांची टोकं पिवळी. शिंगं आहेत, म्हणजे समुद्रकाकडीचं पिल्लू नाही. जाड आहे, फ्लॅटवर्म नाही. झुबका नाही, सेराटा नाहीत, खाली स्पंज, म्हणजे फायलिडिया घराणं जवळपास पक्कं.

आता घराण्यातली कोण? शिंगं पिवळी होती. फायलिडिएला पुस्टुलोसाची शिंगं काळी असतात आणि फोड गुलाबीसर, ते पुंजक्यांत, ती बाद. फायलिडिया ओसेलाटात पिवळ्यावर काळी वलयं असतात, उभ्या कडा नसतात, ती पण बाद. राहिल्या फायलिडिया व्हॅरिकोसा आणि तिच्याच सारखी सेलेस्टिस. त्याला विचारलं तळवा दिसला होता का, म्हणजे काचेवर किंवा दगडाच्या कडेला लटकलेली असताना खालची बाजू? व्हॅरिकोसाच्या तळव्यावर मधोमध काळी रेघ असते, सेलेस्टिसच्या नसते. नशिबानं व्हिडिओ होता आणि ती दगडाच्या टोकावरून वळताना खालची बाजू अर्धा सेकंद दिसते, तिथं रेघ आहे. फायलिडिया व्हॅरिकोसा.

उचलू नको असं का म्हणलं तेही त्याला सांगितलं. ही चिकट द्रव सोडते, स्पंजातून घेतलेली आयसोनायट्राइल प्रकारची रसायनं त्यात असतात, आणि बंद पाण्यात, म्हणजे बादलीत नाहीतर टँकमध्ये, त्यानं मासे मरतात. उग्र वास पण येतो.

तळव्याचा व्हिडिओ नसता तर काय? मग 'फायलिडिया' इतकंच लिहून थांबायचं. त्यात कमीपणा काही नाही, अंदाजानं पूर्ण नाव ठोकण्यापेक्षा ते बरं. जाणकार लोकसुद्धा कित्येकदा रेड्युला आणि डीएनए बघितल्याशिवाय जात सांगत नाहीत.

बघायला कुठं, कधी

पावसाळा सोडा. ऑक्टोबरनंतर पाणी निवळतं, नोव्हेंबर ते मार्च चांगलं. वाळूची मोठी चौपाटी नको, खडकाळ किनारा पाहिजे ज्यात ओहोटीला डबकी राहतात. कुणकेश्वर, हेदवी, गणपतीपुळ्याच्या बाजूचे खडक, मालवण. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं आहे, तिथं नियम पाळा, बोटवाल्यानं काही तोडून हातात दिलं तर घेऊ नका. मुंबईतले खडक पण वाईट नाहीत उलट भरती-ओहोटीचा फरक तिकडं जास्त, त्यामुळं पाणी लांबवर हटतं. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं जाऊन दिवसभर बघून परत येता येतं, आणि तिथं मरीन लाइफ ऑफ मुंबई या मंडळींचे शोअर वॉक असतात, नवख्यानं पहिल्यांदा त्यांच्याबरोबर फिरावं.

ओहोटीचा अंदाज कॅलेंडरवरून काढता येतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते, अष्टमी असेल तर आठाचे सहा, म्हणजे सहाला भरती, आणि ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. अमावस्या-पौर्णिमा आणि पुढचे दोन दिवस उधाण, तेव्हा पाणी सगळ्यात खाली जातं, आणि पूर्ण ओहोटी सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या आसपास येते. सप्तमी-अष्टमीला भांग, म्हणजे पाणी फारसं चढत-उतरत नाही, तेव्हा जाऊन फायदा नाही. हे गणित मुंबईच्या जवळचं, मालवणकडं वेळ थोडी आधी येते, शिवाय मोबाईलवर टाइड टेबल मिळतंच, ते बघून घ्या. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी खडकावर पोचायचं आणि पाणी वळलं की बाहेर, मागून लाट येते ती कळत नाही.

पायात जुने बूट, चप्पल नको, कालवांच्या कडा पाय कापतात. सुंदर नक्षीचा शंकूसारखा शंख जिवंत दिसला तर अजिबात उचलायचा नाही, तो कोन शंख असू शकतो आणि त्याचा डंख माणसाचा जीव घेऊ शकतो. दगड उलटवला तर हळूच परत तसाच ठेवा, खालचे प्राणी उन्हात मरतात.

फोटो

पाण्याबाहेरची गोगलगाय म्हणजे जेलीचा गोळा, त्यावरून काहीच ओळखू येत नाही. डबक्यात पाण्याखाली असतानाच काढा. पाण्यावर आकाश चमकतं, त्यावर छत्री धरली की सावलीत आतलं स्वच्छ दिसतं. चार फोटो लागतात: वरून पूर्ण, बाजूनं, डोक्याचा जवळून, आणि चौथा थोडा लांबून, खालचं-आजूबाजूचं सगळं दिसेल असा. लोक चौथाच काढत नाहीत! शेजारी, तिच्या अंगावर नाही, एक रुपयाचं नाणं ठेवलं की आकार कळतो. तारीख, जागा आणि पाणी किती खोल, हे तिथंच फोनवर लिहा, घरी येईपर्यंत विसरतं. मग आयनॅचरलिस्टवर, म्हणजे फोटो टाकला की जाणकार नाव सुचवतात त्या साइटवर, टाका आणि खाली 'करड्या स्पंजावर, बाजूला पांढरी अंड्यांची फीत' असं लिहा, नाव सांगणाऱ्याचं अर्धं काम होतं.

टँकवाल्यांसाठी

दुकानात 'रंगीत न्युडीब्रँक' म्हणून डोरिड विकायला ठेवली असेल तर घेऊ नका. तिला तिचाच स्पंज पाहिजे, तो तुमच्याकडं नाही, कोरडं खाद्य ती बघणारही नाही. काही आठवडे अंगातलं वापरून जगते, बारीक होत जाते आणि मरते, आणि फायलिडियासारखी असेल तर मरताना मासेही घेऊन जाते. आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ डिग्री होतं, पाणी थंड ठेवणारा चिलर नसेल तर टँक २६ वर ठेवणंच मुश्किल, त्यात असला प्राणी म्हणजे पैसे पाण्यात.

न बोलावता आलेली असेल तर परत तोच प्रश्न, ती कुठं बसते. रात्री टॉर्च घेऊन बघा, बऱ्याच रात्रीच निघतात. मॉंटिपोरा प्रवाळाचे भाग पांढरे पडत असतील आणि खालच्या बाजूला बारीक पांढऱ्या, झालरीसारख्या गोगलगाई असतील तर ती प्रवाळखाऊ फेस्टिला, २०२० मध्ये तिला फेस्टिला सबओडिओसा असं नाव मिळालं. झोअँथस, म्हणजे पुंजक्यानं वाढणारे समुद्रफुलासारखे छोटे प्राणी, मिटून राहत असतील तर त्यांच्याच रंगाची गोगलगाय त्यांच्यात बसलेली असते, दिसायला अवघड. दोन्ही ठिकाणी हातानं काढा आणि अंडी पण खरवडा, नाहीतर आठवड्याभरात परत येतात. औषध टाकताना डबीवर तांबं असेल तर थांबा, तांब्यानं शंखगोगलगाई, कोळंब्या, प्रवाळ सगळंच जातं. काढलेली गोगलगाय तलावात किंवा गटारात सोडू नका.

मुद्दाम आणण्यासारखी एकच, बर्घिया. ही दोनेक सेंटिमीटरची एओलिड फक्त आयप्टेशिया खाते, म्हणजे टँकमध्ये तणासारखं पसरणारं ते तपकिरी समुद्रफूल. इथं तिचा हट्टीपणा आपल्या कामाला येतो, बाकी कशाला ती तोंड लावत नाही. एक आणून भागत नाही, चार-पाच तरी सोडा, रात्री पंप बंद करून, आयप्टेशियाच्या जवळ, आणि पंपाच्या तोंडाला स्पंज लावा नाहीतर ओढली जाते. पेपरमिंट कोळंबी आणि काही रास (wrasse) जातीचे मासे तिला खातात, ते असतील तर आणूच नका. पांढरी गोल अंड्यांची फीत दिसली की ती रुळली. आयप्टेशिया संपत आलं की मात्र लगेच हालचाल करायची, ओळखीत ज्याच्या टँकमध्ये ते वाढलंय त्याला फोन करायचा आणि बर्घिया डब्यात घालून, टँकचंच पाणी भरून, संध्याकाळी ऊन उतरल्यावर पोचवायच्या.